पाचवी बाई

शिवकुमारनं कागद माझ्याकडं वळवला आणि पेनाचं टोपण एका ओळीखाली टेकवलं. “बाकी सगळं साफ आहे मॅडम,” तो म्हणाला. “पगार, फॉर्म सोळा, फ्लॅटचे कागद, सगळं. फक्त हे एक खातं नडतंय.” बँकेतला पंखा कागदाचा कोपरा उचलत होता म्हणून मी त्यावर तळहात ठेवला. ओळ बारीक अक्षरांत होती. कर्ज तीस हजार, तारीख फेब्रुवारी २०१९, शाखा लातूर, थकबाकी एकवीस हजार सहाशे चाळीस, आणि शेवटच्या रकान्यात ‘राइट ऑफ’. शिवकुमारनं त्याचा अर्थ सांगितला, सावकाश, मी पेशंटच्या नातेवाइकांना सांगते तसा. कर्ज देणाऱ्या कंपनीनं पैसे बुडाले असं धरलं होतं आणि खातं वसुलीच्या एजन्सीला देऊन टाकलं होतं. “तुमच्या नावावर आहे,” तो म्हणाला. मग बहुधा माझा चेहरा बघून त्यानं वाक्य बदललं. “म्हणजे, तुमच्या नावावर दाखवतंय.”

मी लॅबमध्ये काम करते. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, दिवसाला दीडशे-पावणेदोनशे सँपल. विश्वास बसणार नाही असा आकडा आला तर काय करायचं, याचा आमच्याकडं क्रम ठरलेला आहे. आधी नळीवरचं नाव बघायचं, मग रक्त नीट घेतलंय का ते, मग मशीन, मग रसायनाची तारीख. हे सगळं ठीक निघालं तरच मान्य करायचं, की आकडा याच माणसाचा आहे. तो क्रम मी तिथं खुर्चीत बसल्या बसल्या पार पाडला. नाव माझं होतं, महामाया, वडिलांच्या नावासकट. जन्मतारीख माझी. पॅन माझा. पत्ता लातूरचा, गल्लीच्या नावासह बरोबर. तो वाचताना नाकात तिखट भाजल्याची झणझण आली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मोबाइल नंबर तेवढा माझा नव्हता, पण त्याचे शेवटचे चार आकडे मला पाठ होते. शंकेला जागा असेल तर ती त्या चार आकड्यांत होती, आणि तीही नव्हती.

तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात. म्हणून एका नळीवरून मागच्या तीन महिन्यांची साखर सांगता येते. लोक आदल्या दिवशी उपास करून येतात आणि वाटतं आपण फसवलं. पण रक्त आदल्या दिवसाचं नसतं. मला हे पेशंटला समजावून सांगायला आवडतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की त्या लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याला मी अज्ञान समजत होते, आणि ते अज्ञान नव्हतं. आपल्याला न विचारता आपली आठवण कुणीतरी ठेवली होती, ह्याची ती लाज होती.

“एक सांगू का?” शिवकुमारनं खुर्ची पुढं ओढली. तो साधा मुलगा आहे, उमरीचा. गेल्या दोन महिन्यांत माझी फाइल त्यानं स्वतःच्या बहिणीची असावी तशी पुढं पळवली होती. “ती कंपनी आता राहिली नाही. दुसऱ्या कंपनीत गेली, ती तिसऱ्या. कागद कुणाकडं सापडणार नाही. आपण डिस्प्यूट टाकू. सदर खाते माझे नाही. तीस दिवसांत त्यांनी पुरावा दिला नाही की ओळ निघून जाते. त्या टायमाला लई बोगस कर्जं निघाली मॅडम, बायांच्या आधारवर.”

“आणि मी भरून टाकले तर?”

“तर मग ते तुमचंच होतं, असं झालं की.” तो हसला, पण माझ्याकडं बघून थांबला. “भरलं तर खातं बंद दिसेल. पण राइट ऑफचा डाग राहतो. आमच्याकडं नियम आहे, बंद झाल्यापासून एक वर्ष थांबायचं. बिल्डर थांबतो का वर्षभर?”

बिल्डर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या पुढं एक दिवस थांबणार नव्हता. एक्कावन्न हजार टोकन दिलं होतं आणि त्याच्या पावतीवर, खाली, परत न मिळण्याबद्दलचं वाक्य होतं. ते वाक्य मी सही करायच्या आधी वाचलेलं होतं. मी सगळं वाचून सही करते. लातूरमध्येही वाचलं होतं.

घरी आले तेव्हा आई जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसली होती. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. नळ खाली, चौकात, आणि तो तीन दिवसांनी येतो. आईनं बावीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलं. बायांना उचलून स्ट्रेचरवर ठेवताना तिचे गुडघे गेले. नवा फ्लॅट तळमजल्यावर होता. दोन खोल्या, नळ स्वयंपाकघरात. ती तो दोनदा बघून आली होती. दोन्ही वेळा तिनं नळ सोडला, पाण्याखाली हात धरला, आणि मग बंद केला. “झालं का बँकेचं?” तिनं विचारलं. “होतंय,” मी म्हणाले. तिला हाताला धरून वर नेताना मी मनात वाक्य म्हणून बघत होते. सदर खाते माझे नाही. वाक्य सरळ होतं. त्यात काही अडखळण्यासारखं नव्हतं.

लातूरला मी चोवीस वर्षांची असताना गेले. एका क्लासच्या ज्युनियर कॉलेजात प्रॅक्टिकलच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. ब्युरेट धुणं, द्रावणं करणं, चिरायला बेडूक आता मिळत नाहीत म्हणून चार्ट लावणं. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांनी शहर भरलेलं होतं आणि प्रत्येक तिसऱ्या घरावर ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशी पाटी. मी तीन दिवस फिरले. लोक आदबीनं बोलायचे, पाणी द्यायचे, खोली दाखवायचे, पंखा चालू करून दाखवायचे. मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची; मालकाचा भाऊ सांगायचा विसरलेला असायचा. चौथ्या दिवशी मी एका दारात नुसतीच उभी राहिले, कारण आतून तिखटाचा ठसका येत होता आणि मला शिंक आवरेना. आतली बाई बाहेर आली. ठेंगणी, कपाळभर घाम, हातात झारा. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “तिखट खाती का?” मी हो म्हणाले. “माझ्या हातचं लई तिखट असतंय. नंतर बोलायचं न्हाई. वरची खोली हाय, बाराशे.” मी वाट बघत राहिले. ती झारा घेऊन आत गेली. मग मीच मागोमाग जाऊन माझं आडनाव सांगितलं. तिनं कढईतून नजर काढली नाही. “बरं,” ती म्हणाली. “जिना चढताना डावीकडच्या पायरीला जप. हालती.”

ही नागुबाई. नवरा गेलेला, मूल नाही, पोरांचे डबे करायची. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. मी मोजून पगार घरी पाठवायची आणि उरलेल्यात जगायची, तर ती महिन्याच्या शेवटी माझ्या ताटात न विचारता जास्तीची भाकरी टाकायची. तिच्या अंगणात मंगळवारी सकाळी साडेसातला कर्जाच्या गटाच्या बाया जमायच्या. सतरंजीवर पाच-पाचच्या रांगा. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत कंपनीचा माणूस, तिच्या मानानं पोरगेला, पण सगळ्या त्याला साहेब म्हणायच्या. आधी सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं, की हप्ता वेळेवर देऊ आणि बहिणीला अडचण आली तर तिचाही देऊ. मग पैसे. एखादीकडं नसले तर कुणीही उठायचं नाही. डबे लटकून राहायचे, पोरांच्या शाळा बुडायच्या, पण पाचजणींचे पाच हप्ते पडल्याशिवाय रांग मोडायची नाही. मला ती पद्धत आवडली होती. त्यात मला एक प्रकारचा समतोल दिसायचा, तराजूच्या काट्यासारखा.

एक बाई पुण्याला गेली आणि रांगेत चारच राहिल्या. चौघींना कंपनी कर्ज देत नव्हती. नागुबाईला मोठ्या शेगड्या घ्यायच्या होत्या. क्लास वाढले होते, डबे वाढणार होते. दोन दिवस तिनं तसेच काढले. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन चौकटीला टेकली. “पाचवी पाहिजे,” ती म्हणाली. “तू नुसती बस. हप्ता माझा. तुला एक रुपया लागू देणार न्हाई.” मी कागद मागितला आणि सगळा वाचला. कर्ज माझ्या नावावर पडणार आहे, हे मला पूर्ण समजलं. त्या मंगळवारी मी रांगेत बसले. साहेबानं माझ्याकडं बघून विचारलं, “ह्या कोण?” माझे कान तापले. नागुबाई म्हणाली, “भाची हाय माझी.” इतर तिघींपैकी एकीला तरी खरं काय ते ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. कुणी मान वर केली नाही. साहेबानं लिहून घेतलं. मी सही केली, आणि संध्याकाळी तीस हजार रुपये तिच्या ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवले. फोन नंबर तिचाच दिला होता, कारण साहेब तिलाच फोन करायचा.

बँकेतून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी एजन्सीला फोन केला. मुलीचा आवाज होता, पाठ केलेला, गोड. “मॅम, आज भरलं तर आठ हजारात सेटल करून देते मॅम. उद्या ही ऑफर राहणार नाही.” मी विचारलं, सेटल केल्यावर रिपोर्टमध्ये काय दिसेल. ती थोडी थांबली. हा प्रश्न तिच्या कागदावर नसावा. “सेटल्ड दिसेल ना मॅम. छानच आहे ते.” म्हणजे फेडलं नाही, तडजोड केली, असं. मी म्हणाले, पूर्ण भरायचं असेल तर? आता ती खरोखर थांबली. मागं आणखी दहा-बारा आवाज एकाच वेळी कुणाकुणाला मॅम आणि सर म्हणत होते. “पूर्ण?” ती म्हणाली. “पूर्ण कुणी भरत नाही मॅम.”

एकवीस हजार माझ्याकडं होते. गोष्ट पैशांची नव्हती, आणि पैशांची असती तर सोपी झाली असती. मला एकच कळत नव्हतं, की हप्ता थांबला कधी आणि मला कुणी का सांगितलं नाही. हे लिहिताना दिसतंय तितकं ते स्वच्छ नव्हतं. मार्च २०२० मध्ये क्लास बंद झाले, पोरं आपापल्या गावी गेली, आणि मीही शेवटच्या एसटीनं नांदेडला आले. नागुबाईनं चटणी बांधून दिली. पुढं मी तिला तीन वेळा फोन केला, कदाचित चार. डबे बंद आहेत हे मला ठाऊक होतं. चाळीस डबे बंद झाल्यावर हप्ता कुठून जात असेल, हे गणित मला येत होतं. मी ते मांडलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. नंतर इथं लॅब मिळाली, नंबर बदलला. मी विसरले असं म्हणता येणार नाही. मी त्या बाजूला बघत नव्हते, एवढंच.

नागुबाईचा जुना नंबर लागत नव्हता, म्हणून रविवारी लातूरची गाडी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. खिडकीतून सोयाबीन कापलेली रानं आणि मधेच कुठंतरी हरभऱ्याची उगवण. त्या गल्लीत घर होतं, पण खाली अभ्यासिका झाली होती. काचेच्या आड पोरं कप्प्याकप्प्यांत मान घालून बसलेली. शेजारच्या ओट्यावर पार्वतीबाई होती, गटातली, आता केस पूर्ण पांढरे. तिनं मला लगेच ओळखलं. “आली का भाची!” ती मोठ्यांदा म्हणाली. “पाच वर्षांनी मावशी आठवली. कोणाचं लगीन हाय का?” मी नागुबाई कुठं असते ते विचारलं. “मुरूडला असती ती, बहिणीकडं. शाळेत खिचडी शिजवती. जा, जा. आन् तिला म्हणावं पार्वती अजून जित्ती हाय.”

मुरूडला जीपनं गेले. नागुबाई अंगणात ताटात तांदूळ निवडत होती. ती आणखी ठेंगणी झाली होती, की मीच तिला मनात उंच केलं होतं. मला बघून तिनं ताट बाजूला ठेवलं नाही. सरकून पोत्यावर जागा केली आणि अर्धे तांदूळ माझ्यापुढं ढकलले. आम्ही दोघी निवडायला लागलो. मी खडे बाजूला ठेवता ठेवता सांगितलं. बँक, ओळ, तारीख. ती ऐकत होती आणि तिचा हात चालूच होता.

“ते माफ झालं की,” ती म्हणाली. “कोरोनात माफ झालं म्हणले सगळे.”

“माझं नाही झालं.”

तेव्हा हात थांबला. तिनं तांदळातच बोटं ठेवली. “थांब,” ती म्हणाली, “मी सांगते तसं ऐक. डबे बंद. साहेब फोनवर बोंबलून राहिला, हप्ते चालू करा, हप्ते चालू करा. मी कोणाकोणाकडं भांडी घासली. आठवड्याला दोन हप्त्याचे पैसे यायचे माझ्याकडं, जास्तीत जास्त तीन. हप्ते पाच. पार्वतीचा नवरा घरी बसला, बाकी दोघींचं रोजानं होतं, तेही बंद. त्या माझ्या शब्दावर बसल्या होत्या. मी त्यांचे भरले. आधी पार्वतीचा, मग त्या दोघींचे. मग माझा. मग तुझा.”

“मग माझा,” मी म्हणाले.

“तू घरची,” ती म्हणाली, जणू मी अगदी साधी गोष्ट विचारली होती. “घरच्याला मागून वाढतेत. पंगत उठली की मग. तुझ्यापर्यंत येईस्तोवर पैसेच सरले, आन् मग कंपनीच यायची बंद झाली. मी म्हणलं, सुटलो.”

मी खाली बघत राहिले. माझ्या छातीत काहीतरी तापलं आणि त्याच वेळी निवलं, आणि ह्यातलं आधी कोणतं झालं ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या आयुष्यात मला परकं ठरवून मागं ठेवणाऱ्यांची मोजदाद मी नीट केलेली आहे. शाळेत, खोल्यांच्या दारात, एकदा लग्नाच्या बोलण्यांतही. घरची समजून मागं ठेवलेलं हे एकच. आकडा दोन्हीकडं सारखाच पडतो. मशीनला फरक कळत नाही. मला रागवायचं होतं, आणि मी रागावलेही होते; तिनं एक फोन करायला हवा होता. मीही करायला हवा होता.

“आता काय करावं लागतंय?” तिनं विचारलं. मी शिवकुमारचं वाक्य सांगितलं. खाते माझे नाही. तिनं एकदा ते स्वतःशी म्हणून बघितलं. मग पदरानं हात पुसले. “मग लिही की. लिही, नागुबाईनं फसवलं. आधार चोरला म्हण. मला आता कोण कर्ज देतंय? खिचडीचे पैसे रोख भेटतेत. सही येती मला, पाहिजे तर कागदावर सही करून देते. आईचे गुडघे म्हणतीस ना? मग? लिही.” तिनं खरंच आतून पेन आणलं, शाळेतलं, हजेरीचं असावं, दोऱ्याला बांधलेलं. माझ्याकडं कागद नव्हता. मी म्हणाले, बघते. निघताना तिनं माझा नवा नंबर वहीत उतरवून घेतला, आकडा आकडा मोठ्यांदा म्हणत, आणि तिचाही नवा मला दिला.

परतीच्या गाडीत मी दोन रकाने करून बघितले. एका बाजूला आई. दुसऱ्या बाजूला काय लिहायचं ते मला सापडेना. नागुबाईचं नुकसान? तिनं स्वतःच ते पुसून टाकलं होतं. कंपनीचं? ती राहिलीच नव्हती. खोटं लिहून कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि खरं लिहून माझ्या आईचा नळ जात होता. शास्त्र शिकलेल्या बाईला इतकं पुरेसं असायला हवं. मी तो रकाना रिकामाच ठेवला आणि चाकूरपर्यंत त्याच्याकडं बघत बसले. मग एकदम त्या मंगळवारी सतरंजीवर बसल्यावर काय वाटलं होतं ते आठवलं. शब्दांत नाही, पायांत. गुडघे शेजारणीच्या गुडघ्यांना लागलेले. तीन दिवस ज्या शहरानं मला खोली दिली नव्हती, त्या शहरात चार बाया माझ्याशिवाय अडल्या होत्या. मी सही केली ती उपकार फेडायला, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नव्हतं. मला त्या रांगेत बसायचं होतं. नागुबाईनं मागितलं त्याहून जास्त मलाच ते हवं होतं. मग तिथं जे झालं ते माझं नाही, असं मी कशावरून म्हणणार?

सोमवारी शिवकुमारनं पत्र टाइप करून ठेवलं होतं. खाली माझ्या नावाची जागा. मी ते दोनदा वाचलं आणि त्याला परत दिलं. “माझंच आहे हे,” मी म्हणाले. “सही माझी आहे. मी पूर्ण भरते.”

त्यानं पत्र पुन्हा माझ्याकडं सरकवलं. “मॅडम, कोण विचारायला येणारंय?”

“कोणी नाही.”

“मग फाइल परत पाठवावी लागंल. वर्षभर काहीच करता येणार नाही मला.” त्याचा आवाज चिडका झाला, आणि मला ते बरं वाटलं, कारण त्याला वाईट वाटत होतं. “एवढं केलं हो आपण,” तो म्हणाला. मग त्यानं पत्र दोनदा घडी करून फाडलं, टोपलीत टाकलं, आणि एजन्सीकडून पूर्ण फेडीचं प्रमाणपत्र कसं मागायचं, कुठल्या शब्दांत, ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. “सेटलमेंट म्हणाले तर फोन ठेवून द्या,” तो म्हणाला. “गोड बोलतात.”

बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसानं पावतीवरचं वाक्य मला वाचून दाखवलं. मी म्हणाले, मला माहीत आहे.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. पहिल्यापासून; खोल्या, तिखट, रांग, शेगड्या. ती भाजी चिरत होती. चिरणं संपलं तरी विळी आडवी केली नाही. “म्हंजे तुला लिहायचं होतं फक्त,” ती म्हणाली. “एक सही.” मी हो म्हणाले. “आन् माझ्या गुडघ्याला विचारलंस का?” मी नाही म्हणाले. ती उठली, भिंतीला धरून, आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मी वाढलं तर जेवली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका बाईच्या हातात मी तिचा रिपोर्ट दिला आणि तिनं विचारलं, “हे खरं असंल का हो?” मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आधी तिला बसायला स्टूल दिलं. त्या दिवशी एजन्सीचे पैसे भरले. त्या मुलीनं पावतीसाठी माझं नाव दोनदा विचारून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. आई मला न उठवता खाली गेली होती. मी धावत गेले तेव्हा दोन कळश्या भरून ती वर निघालेली. मी एक काढून घेतली, दुसरीही ओढली, ती सोडेना. तशाच आम्ही दुसऱ्या वळणापर्यंत आलो. तिथं ती बसली. श्वास लागला होता. मी कळशी खाली ठेवून उभी राहिले.

“त्या बाईला कळवलंस का?” आईनं विचारलं. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य.

“कुणाला?”

“तुझ्या त्या नागुबाईला. घोर लागला आसंल तिला. आपण पोलिसांत जातो का काय म्हणून.”

मला ते सुचलं नव्हतं. मी फोन लावला. दोन रिंगांत तिनं उचलला. मागं भाकरी थापल्याचा आवाज, म्हणजे खांद्यानं फोन धरलेला.

“हाव, बोल. लिहिलंस का माझं नाव?”

“न्हाई.”

“मग?”

“माझंच कर्ज हाय म्हणून सांगितलं. भरलं पण.”

थापणं थांबलं. “आन् घर?”

“गेलं.”

चुलीत लाकूड मोडल्याचा आवाज आला. करपलेल्या पिठाचा वास फोनमधून येत नाही, पण मला तो आला. “येडी हाइस,” ती म्हणाली. “आईला दे.”

मी आईकडं बघितलं. तिनं ऐकलं होतं. तिनं ओला हात पदराला पुसला, आधी तळहात, मग उलटा, आणि फोन घेऊन कानाला लावला.

“हे बघा बाई, मी रागात हाय, आधीच सांगते,” आई म्हणाली, आणि ऐकता ऐकता पायरीवर जराशी भिंतीकडं सरकली, मला बसायला जागा व्हावी म्हणून.